‘अ स्टडी इन पिंक’: ५५ मिनिटांचा की दीड तासाचा?

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेचा पहिला भाग, ‘अ स्टडी इन पिंक’, दोन रूपांत सापडतो. एक साधारण ५५ मिनिटांचा, दुसरा जवळजवळ दीड तासाचा. नाव एकच, लेखक स्टीव्हन मॉफॅटच, शेरलॉक बेनेडिक्ट कंबरबॅच आणि वॉटसन मार्टिन फ्रीमनच. त्यामुळे मोठ्याला कात्री लावून छोटा केला असावा, असं बहुतेकांना वाटतं. पण छोटा आधीचा आहे, आणि दोन्हींचं चित्रीकरण वेगवेगळं झालं आहे.

छोटा म्हणजे पायलट, चाचणीसाठी केलेला भाग. २००९ मध्ये कोकी गिड्रॉइक यांनी तो दिग्दर्शित केला. पुढे बीबीसीने तासाभराच्या भागांऐवजी दीड तासाचे तीन भाग मागितले, तेव्हा जुन्याला ठिगळं न लावता पॉल मॅग्विगन यांच्या दिग्दर्शनाखाली सगळं पुन्हा चित्रित झालं. २५ जुलै २०१० ला टीव्हीवर आला तो हा दुसरा. पायलट नंतर डीव्हीडीवर आला.

खूण हवी असेल तर गुलाबी कोटातल्या बाईच्या प्रेताचा प्रसंग लावा. २०१०च्या भागात शेरलॉक तिचा कोट, कॉलर, छत्री चाचपतो आणि पडद्यावर शब्द उमटतात: ओलं, कोरडं. लग्नाची अंगठी बाहेरून मळकी, आतून लखलखीत. म्हणजे ती वरचेवर बोटातून निघते. त्याला जे दिसतं ते आपल्याला त्याच क्षणी वाचता येतं. पायलटमध्ये हे शब्द नाहीत. तो तोंड उघडेपर्यंत आपण वॉटसनसारखे नुसते बघत उभे. पायलटमध्ये शेरलॉकचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट नाही, त्याचा कट्टर शत्रू मोरियार्टीही नाही, आणि पोलिसांतल्या सार्जंट डोनोव्हनच्या भूमिकेत झावे अ‍ॅश्टन आहे. नंतर ती भूमिका विनेट रॉबिन्सनकडे गेली.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो शेवटचा फरक. (भाग पाहिला नसेल तर इथे थांबा.) खुनी दोन्हीकडे टॅक्सीवालाच. पायलटमध्ये तो शेरलॉकला गुंगीची सुई टोचतो आणि त्याच्याच घरी, २२१बी मध्ये आणून औषधासारख्या दोन गोळ्यांचा खेळ मांडतो: एक विषारी, एक साधी. स्वतःच्या खोलीत धड उभंही राहता न येणारा शेरलॉक बघताना पोटात गोळा येतो, हे मान्य. २०१०च्या भागात मात्र सुई नाही, बळजबरी नाही. घर पोलिसांनी भरलेलं असताना शेरलॉक एकटा जिना उतरतो आणि आपणहून त्या टॅक्सीत बसतो, कारण बायका-पुरुष स्वतःच्या हाताने विष कसं घेतात हे त्याला कळायलाच हवं असतं. जिवापेक्षा कोडं मोठं मानणारा हा माणूस पायलटमध्ये एवढा स्पष्ट दिसत नाही.

पहिल्यांदाच बघणार असाल तर दीड तासाचा बघा. पायलट त्यानंतर, निवांत.