चार अक्षरं आणि एक हरवलेला ध्वनी

इंग्रजीतल्या ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार 'डो'मध्ये (मळलेली कणीक) ओ, 'थ्रू'मध्ये ऊ, 'बाउ'मध्ये (झाडाची फांदी) आउ आणि 'टफ'मध्ये चक्क अफ. वरवर निव्वळ मनमानी. पण यातली जी-एच ही जोडी म्हणजे एका मेलेल्या ध्वनीची खूण आहे. जुन्या इंग्रजीत तिथे नुक्तेवाल्या 'ख़'सारखा घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारा, ध्वनी होता. १०६६मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनाची वळणं बदलली आणि पुढे तो जी-एचने लिहिला जाऊ लागला.

हा ध्वनी करून पाहा. 'क' म्हणायला जीभ मागे उचला, पण टाळूला पूर्ण न टेकवता बारीक फट ठेवून हवा सोडा. खरखर ऐकू येईल. ती चालू ठेवून ओठांचा 'उ'सारखा चंबू करा. आवाज बोदा होतो आणि 'टफ'मधल्या फच्या जवळ जातो. ओ-यूनंतर ओठ गोल असतातच. त्यामुळे ऐकणाऱ्याची, त्यातही बोलायला शिकणाऱ्या मुलाची, गफलत होणं सोपं. काही शब्दांत ध्वनीचा फ झाला तो असा. बाकीच्यांत तो विरून गेला. 'नाइट', 'लाइट'मध्ये आधीच्या स्वराला ओठ पसरट, म्हणून तिथे फ नाही.

'पुरेसा' या अर्थाच्या 'इनफ'ला पूर्वी 'इनाउ' हे बहुवचन होतं; शेक्सपिअरच्या नाटकांत ते सापडतं. एकवचनात घर्षक शब्दाच्या शेवटी होता, त्याचा फ झाला. बहुवचनाचा प्रत्यय लागला की तोच व्यंजनध्वनी दोन स्वरांच्या मध्ये येई आणि मऊ पडून व होई. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार मात्र बदलतच राहिले.

खरी गंमत अडगळीतल्या शब्दांत आहे. 'क्लफ' म्हणजे उत्तर इंग्लंडमधली चिंचोळी, उभ्या उताराची दरी. 'चफ' हा लाल चोचीचा आणि लाल पायांचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी. सापाची कात 'स्लफ', पण त्याच स्पेलिंगची दलदल 'स्लाउ'. वाऱ्याच्या सुस्काऱ्याला 'साउ' म्हणा किंवा 'सफ', शब्दकोश दोन्ही मान्य करतात. घोड्याच्या मागच्या पायाचा मधला सांधा 'हॉक', म्हणजे इथे जी-एचचा सरळ क. आयर्लंडमधल्या तळ्याला मात्र 'लॉख' म्हणतात. मूळ शब्द आयरिश असल्याने तिथे ख़ अजून जिवंत आहे.

उचकीला 'हिकप' म्हणतात, तरी तिचं एक स्पेलिंग ओ-यू-जी-एचचं आहे. ते तोतया. शब्द आला उचकीच्या आवाजावरून. नंतर खोकल्याच्या 'कफ' या ओ-यू-जी-एचवाल्या शब्दाशी त्याचं नातं उगाच जोडलं गेलं. तिथे ख़ कधी नव्हताच.