कावा आला कुठून आणि मधेच त्याच्यावर बंदी का आली

कावा म्हणजे पॅसिफिक बेटांवर एका झुडपाच्या मुळापासून करतात ते पेय. त्याचा विषय निघाला की लोक थेट नशेवर नाहीतर लिव्हरवर येतात, पण आधी झाड समजून घ्या, पुढचा बराचसा घोळ तिथूनच कळतो. मिरी आणि नागवेल ज्या कुळातली त्याच कुळातलं हे झुडूप, पण वेल नाही, गाठीगाठीच्या खोडाचं आणि हृदयासारख्या पानांचं. मिरीचं फळ घेतात, नागवेलीचं पान, कावाचं मात्र मूळ. आणि याला बी धरतच नाही. नर झाड वेगळं, मादी वेगळी, फुलंही येतात, पण त्यातून पुढे काही होत नाही, हाताने परागीकरण करून बघितलं तरी नाही. म्हणजे आज जे कावाचं झाड उभं दिसतं ते कुणीतरी आधीच्या झाडाचं पेर कापून लावलेलं, आणि ते पेर त्याच्या आधीच्या कुणीतरी. मधे एकाने जरी लावायचं सोडलं तर ते वाण कायमचं गेलं.

हे सुरू झालं बहुतेक पॅसिफिकमधल्या वानुआतू या देशाच्या उत्तरेकडच्या बेटांवर, साधारण 3000 वर्षांपूर्वी. तिथे पायपर विचमानाय नावाची जंगली जात आहे, तिला बी येतं, आणि तिच्यातूनच लोकांनी पिऊन बघत बघत झाडं निवडली, असं कावाचे अभ्यासक व्हिन्सेंट लेबो आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसतं. कावाच्या मुळामध्ये कावालॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यातली मुख्य सहा, आणि प्रत्येक वाणात त्यांचं प्रमाण वेगळं, म्हणून एक वाण संध्याकाळपुरतं अंग हलकं करतं आणि दुसरं पिऊन दोन दोन दिवस मळमळ आणि जडपणा जात नाही. या दुसऱ्याला तिकडे ‘टुडे’ कावाच म्हणतात, म्हणजे दोन दिवसांचा. हा फरक लॅब नसताना लोकांनी स्वतःच्या अंगावर ओळखला, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

मग होड्यांमधून पेरं पॅसिफिकभर गेली. टोंगात कावा, सामोआ आणि हवाईत आवा, फिजीत यांगोना, पोनपेईत साकाऊ. न्यूझीलंडच्या थंडीत मात्र झाड जगलं नाही, तिथे माओरींनी त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाला कावाकावा म्हणायला सुरुवात केली, नाव राहिलं आणि पेय गेलं.

करायची पद्धत पण बेटागणिक बदलते. पोनपेईत ताजी मुळं सपाट दगडावर ठेचतात, तो चोथा जास्वंदीच्या कुळातल्या झाडाच्या ओल्या सालीत गुंडाळून पिळतात, आणि चिखलाच्या रंगाचा बुळबुळीत रस थेंब थेंब करवंटीत पडतो. फिजीत वाळलेल्या मुळाची पूड कापडातून पाण्यात मळतात, तानोआ नावाच्या लाकडी परातीत. चव कडवट मातकट, आणि घोटभरात जीभ बधिर.

युरोपियनांनी नोंद घेतली दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या काळात. त्याच्या दुसऱ्या सफरीवर (1772 ते 1775) गेलेल्या गेऑर्ग फोर्स्टरने शास्त्रीय नाव दिलं पायपर मेथिस्टिकम, म्हणजे नशा आणणारी मिरी. यात दारू अजिबात नसते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे मिशनऱ्यांनी अनेक बेटांवर कावा बंद पाडायचा प्रयत्न केला, आणि वानुआतूच्या तान्ना बेटावर 1940 च्या आसपास जॉन फ्रम नावाच्या गूढ पुरुषाला मानणारी चळवळ उभी राहिली तेव्हा लोक चर्च सोडून परत कावाकडे वळले. 1980 ला वानुआतू स्वतंत्र झालं तेव्हा कावा ही अभिमानाची गोष्ट झाली होती.

खरी गडबड झाली 1990 च्या दशकात. युरोपात टेन्शनवरची गोळी म्हणून मागणी एकदम वाढली, आणि जे मूळ पाण्यात पिळून प्यायचं त्याचे अल्कोहोल नाहीतर ॲसिटोनमध्ये अर्क निघायला लागले, सालपटं आणि खोडाचे तुकडे विकत घेतले गेले, वाण कुठलं हे नीट विचारलं गेलं नाही. मग लिव्हर खराब झाल्याच्या केसेस आल्या आणि 2002 ला जर्मनीने कावाच्या औषधांचे परवाने रद्द केले. नेमकं कारण काय यावर आजही वाद आहे, 2014 ला कोलोनच्या कोर्टाने तो निर्णय चुकीचा ठरवला, पण तोवर बेटांवरच्या शेतकऱ्यांचं गिऱ्हाईक कधीच तुटलं होतं. याचा अर्थ कावा निर्धोक असा घेऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी खवल्यासारखी होते, आणि लिव्हरचा त्रास असेल किंवा सोबत दारू असेल तर यापासून लांबच राहावं. पण पिढ्यानपिढ्या पारखलेलं वाण बाजूला ठेवून वजनावर माल उचलला, चूक तिथे झाली असं माझं ठाम मत आहे. वानुआतूने त्याच 2002 मध्ये कायदा करून निर्यातीसाठी ‘नोबल’, म्हणजे प्यायला चांगली म्हणून पारखलेली वाणं ठरवून दिली आणि टुडे बाहेर पाठवायला बंदी घातली.

लागवडीत मात्र फारसं काही बदललेलं नाही. लहानपणी सावली, पाणी न साचणारी जमीन आणि तीन ते पाच वर्षं धीर. त्यात काकडीचा मोझॅक व्हायरस आला की हिरवं खोड काळं पडून कोसळतं, आणि वादळ आलं तर, 2015 च्या पॅम किंवा 2016 च्या विन्स्टनसारखं, कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत जाते. काढणीच्या दिवशी झाड मुळासकट उपटतात, मूळ धुऊन प्यायला किंवा विकायला जातं, आणि खोडाची पेरं कापून पुन्हा मातीत लावली जातात.