स्ट्रेट की प्रीमल्ट? कडेची काळी रेघ नेमकी येते कुठून

कॅरेक्टरचा रेंडर, म्हणजे थ्रीडी सॉफ्टवेअरमधून निघालेलं चित्र, सुरेख आलेला असतो. तो प्लेटवर, म्हणजे मागच्या चित्रित फुटेजवर, ठेवला की केसांभोवती, खांद्यावर, बोटांच्या टोकांशी एक बारीक काळी रेघ दिसू लागते. अशा वेळी हात आपोआप मॅट (कडा ठरवणारा पारदर्शकतेचा साचा) आत सरकवायच्या नोडकडे (सॉफ्टवेअरमधल्या क्रियेच्या ठोकळ्याकडे) जातो. एखादा पिक्सेल आत घेतला की रेघ जाते खरी, पण तिच्याबरोबर केसांची टोकंही जातात, आणि डोकं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. खरं तर मॅटमध्ये काही बिघाड नसतोच. फाइलमधला रंग एका पद्धतीने साठवलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो दुसऱ्या पद्धतीने वाचत असतं, एवढाच घोळ.

या दोन पद्धती म्हणजे स्ट्रेट अल्फा आणि प्रीमल्टिप्लाइड अल्फा. रोजच्या बोलण्यात दुसरीला सगळे प्रीमल्टच म्हणतात. दोन्हींत चार चॅनेल असतात: लाल, हिरवा, निळा आणि अल्फा, म्हणजे पिक्सेल किती झाकतो याचा शून्य (पूर्ण पारदर्शक) ते एक (पूर्ण भरीव) असा आकडा. दोन्हींतला अल्फा अगदी सारखा असतो. फरक फक्त रंगाच्या तीन चॅनेलमध्ये असतो. स्ट्रेटमध्ये रंग मूळचा, पूर्ण ताकदीचा ठेवलेला असतो आणि तो किती दिसायचा हे अल्फा वेगळं सांगतो. प्रीमल्टमध्ये रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवलेलं असतं. म्हणजे पारदर्शकतेचा हिशोब रंगातच होऊन गेलेला असतो.

केसाच्या टोकावरचा एकच पिक्सेल घेऊ. त्याचा रंग तांबूस: लाल ०.८, हिरवा ०.४, निळा ०.२. केस पिक्सेलचा अर्धाच भाग व्यापतो, म्हणून अल्फा ०.५. स्ट्रेट फाइलमध्ये हा पिक्सेल ०.८, ०.४, ०.२ असाच राहील. प्रीमल्टमध्ये तो ०.४, ०.२, ०.१ होईल. अल्फा दोन्हीकडे ०.५. आता मागे ०.६ चा साधा करडा रंग आहे असं धरा. अर्धा केस आणि अर्धा करडा मिळून उत्तर यायला हवं ०.७, ०.५, ०.४. प्रीमल्ट फाइल असेल तर ‘ओव्हर’, म्हणजे एक थर दुसऱ्यावर चढवण्याची क्रिया, हे उत्तर असं काढते: पुढचा रंग जसाच्या तसा घ्यायचा, मागच्या रंगाला एक वजा अल्फाने गुणायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. लालसाठी ०.४ अधिक ०.३, म्हणजे ०.७.

हीच प्रीमल्ट फाइल सॉफ्टवेअरने स्ट्रेट समजून घेतली, तर ते रंगाला पुन्हा एकदा अल्फाने गुणतं. ०.४ चे ०.२ होतात, आणि उत्तर येतं ०.५, ०.४, ०.३५. यातला लाल नीट पाहा. केसाचा लाल ०.८, मागचा ०.६, आणि मिश्रण ०.५? दोन रंग मिसळल्यावर येणारा रंग त्या दोघांच्या मध्येच पडायला हवा, दोघांपेक्षा गडद होऊच शकत नाही. डोळ्याला टोचणारी काळी रेघ ती हीच. उलट चूक केली, म्हणजे स्ट्रेट फाइल प्रीमल्ट समजून वापरली, तर लाल ०.८ अधिक ०.३ म्हणजे १.१ येतो आणि कडेला चमकणारी, दातेरी रेघ उमटते. त्यामुळे निदान सोपं आहे: कड पुढच्या-मागच्या दोन्ही रंगांपेक्षा गडद असेल तर गुणाकार दोनदा झाला, दोन्हींपेक्षा उजळ असेल तर एकदाही झाला नाही. मॅटला हात लावायच्या आधी कलर पिकर घेऊन एवढं तपासलं तरी निम्मा वेळ वाचतो.

फाइल कुठल्या पद्धतीची आहे हे ओळखायचं तर अल्फा बाजूला ठेवून नुसते रंगाचे चॅनेल पाहायचे. प्रीमल्टमध्ये कडा मऊपणे काळ्यात विरत जातात आणि चित्र काळ्या पडद्यासमोर ठेवल्यासारखं नीटनेटकं दिसतं. स्ट्रेटमध्ये कडा दातेरी, फुगलेल्या दिसतात, रंग आकाराबाहेर सांडलेला वाटतो. आफ्टर इफेक्ट्समधून स्ट्रेट आउटपुट काढल्यावर ते प्लेअरमध्ये उघडून ‘रेंडर खराब आला’ म्हणून पुन्हा रेंडर लावणारे बरेच असतात. तो खराब नसतो, तसाच दिसायचा असतो. आणखी एक खूण आकड्यांत सापडते: साध्या, स्वतः प्रकाश न देणाऱ्या आणि शून्य ते एकच्या आत राहणाऱ्या चित्रात एखाद्या पिक्सेलचा रंग अल्फापेक्षा मोठा निघाला, तर ती फाइल प्रीमल्ट नाही. रंग एकच्या वर जाणारा रेंडर असेल तर मात्र ही खूण चालत नाही.

फॉरमॅटवरून बराचसा अंदाज येतो. पीएनजीच्या स्पेसिफिकेशनमध्येच रंग न गुणलेला असावा असं लिहिलं आहे, म्हणजे पीएनजी स्ट्रेट. ओपनईएक्सआरचा प्रघात प्रीमल्टचा, आणि थ्रीडी रेंडररमधून बाहेर पडणारं चित्रही स्वभावतः प्रीमल्टच असतं. टिफमध्ये दोन्ही चालतात, कोणतं ते टॅगमध्ये नोंदवता येतं. तो टॅग नीट लिहिला गेला असेल आणि वाचला जात असेल, हे मात्र नशिबावर. प्रोरेस ४४४४ मध्ये अल्फा असतो, पण तो कोणत्या पद्धतीचा हे पाठवणाऱ्याला विचारलेलं बरं.

अल्फा चॅनेलची कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. १९८४ साली लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत निबंध सादर केला आणि रंग आधीच गुणून ठेवण्याची बाजू घेतली. आज आपण मर्ज (थर एकत्र करणाऱ्या) नोडमध्ये निवडतो ती ओव्हर, इन, आउट, अ‍ॅटॉप ही नावं त्याच निबंधातली. तेव्हाचं एक कारण हिशोबाचं होतं: रंग आधीच गुणलेला असला की थर चढवताना प्रत्येक वेळी तीन गुणाकार वाचतात. पण प्रीमल्ट टिकलं ते गुणाकार वाचवण्यापेक्षा मोठ्या कारणांनी.

त्यातलं पहिलं कारण म्हणजे ब्लर. ब्लर, लहान-मोठं करणं, फिरवणं, लेन्स डिस्टॉर्शन, मोशन ब्लर या सगळ्यांत शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. पूर्ण पारदर्शक पिक्सेलमध्ये स्ट्रेट फाइलने कोणताही रंग ठेवलेला असू शकतो. बऱ्याचदा काळा, कधी पांढरा, कधी पेंट सॉफ्टवेअरमध्ये पुसून टाकलेल्या ब्रशचा उरलेला रंग. तो दिसत नसतो, पण ब्लर केला की शेजाऱ्यात मिसळतो आणि कडेला येऊन बसतो. प्रीमल्टमध्ये अल्फा शून्य असलेल्या जागी रंगही शून्य, म्हणून मिसळताना प्रत्येक पिक्सेलचं वजन बरोबर लागतं. जागा बदलणारी कोणतीही क्रिया असो, ती प्रीमल्टवरच करायची.

रंग बदलणाऱ्या क्रियांचं गणित उलटं आहे, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. नुसता गेन, म्हणजे रंगाला एका आकड्याने गुणणं, प्रीमल्टवरही सुरक्षित असतं, कारण दोन गुणाकारांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. सॅच्युरेशनचंही तसंच. पण गॅमा बदलला की बिनसतं. वरच्याच पिक्सेलचा लाल घ्या. गॅमा २ लावला, म्हणजे वर्गमूळ काढलं, तर स्ट्रेट ०.८ चे साधारण ०.८९ होतात आणि अल्फाने गुणल्यावर ०.४५. तोच गॅमा थेट प्रीमल्ट ०.४ वर लावला तर ०.६३ येतात. चेहऱ्याच्या मधोमध दोन्ही सारखेच दिसतील, कारण तिथे अल्फा १ आहे. फक्त कड पेटेल. म्हणूनच हा दोष ग्रेड करताना, म्हणजे रंग-उजेड जुळवताना, लक्षात येत नाही, शॉट मोठ्या पडद्यावर गेला की येतो.

ऑफसेटची, म्हणजे रंगात एक आकडा मिळवण्याची, गंमत आणखी वाईट. सावल्या जरा उचलाव्यात म्हणून प्रीमल्ट रेंडरमध्ये ०.०५ मिळवले, तर ते कॅरेक्टरबाहेरच्या रिकाम्या जागेतही मिळवले जातात. तिथे अल्फा शून्य, रंग ०.०५. ओव्हर केल्यावर मागची प्लेट पूर्ण शिल्लक राहते आणि वर ०.०५ ची भर पडते. सबंध प्लेट धुक्यात गेल्यासारखी दिसते आणि आर्टिस्ट बिचारा प्लेटच्या ग्रेडमध्ये कारण शोधत बसतो. उपाय ठरलेला: आधी अनप्रीमल्ट, म्हणजे रंगाला अल्फाने भागणं, मग ग्रेड, मग प्रीमल्ट. न्यूक या थर जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेड नोडवरच अनप्रीमल्टचा पर्याय असतो, तो अल्फावर ठेवला की भागाकार-गुणाकार नोड स्वतः करतो. एक-दोन ग्रेड असतील तर तो पर्याय पुरतो. पाच-सहा असतील तर मी तरी वेगळे नोड लावतो, कारण स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्याला कुठून कुठपर्यंत रंग स्ट्रेट आहे हे एका नजरेत कळायला हवं.

आता स्ट्रेटला जे जमतच नाही ते. आगीची ज्वाळा, लेझर, जादूच्या छडीतून उडणाऱ्या ठिणग्या यांत प्रकाश असतो, पण मागचं काही झाकलं जात नाही. प्रीमल्टमध्ये हे सहज मांडता येतं: रंग १.०, ०.५, ०.१ आणि अल्फा शून्य किंवा अगदी थोडा. ओव्हर केलं की मागचं जवळजवळ सगळं राहतं आणि प्रकाशाची भर पडते. स्ट्रेटमध्ये अल्फा शून्य म्हणजे दिसणं शून्य, मग रंग काहीही असो. ज्वाळेचा रेंडर चुकून स्ट्रेटमध्ये काढला की गाभा तेवढा उरतो आणि भोवतीचा तेजस्वी भाग गळून जातो. अशा थरावर अनप्रीमल्ट करतानाही जपावं, कारण शून्याने भागता येत नाही आणि ०.००१ ने भागलं तर रंग हजारपट होतो. इथे गेनवरच काम भागवलेलं चांगलं.

मग स्ट्रेट हवंच कशाला? आठ बिटमुळे. आठ बिटमध्ये अल्फा २५५ पैकी १० असेल, तर प्रीमल्ट रंगाला ० ते १० एवढ्या अकराच पायऱ्या मिळतात. धूर, काच, विरळ पदर अशा थरांवर मग ग्रेड करायला गेलं की पट्टे पडतात. पीएनजीने स्ट्रेट निवडलं त्याला हाही संदर्भ आहे. सोळा बिट हाफ फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) ही अडचण जवळपास उरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कॉम्पसाठी, म्हणजे थर एकत्र करण्याच्या कामासाठी, ईएक्सआर आणि प्रीमल्ट; पेंट, लोगो, मॅट पेंटिंगचे सुटे तुकडे स्ट्रेट पीएनजीत आले तर हरकत नाही, पण आत घेतल्या घेतल्या प्रीमल्ट करायचे.

आत घेताना कलर स्पेसचाही विचार करावा लागतो. प्रीमल्ट चित्र एसआरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या वक्र मापात) असेल आणि ते लिनिअरमध्ये (प्रकाशाच्या सरळ प्रमाणात) आणायचं असेल, तर रूपांतराचा वक्र गुणलेल्या रंगावर लावून चालत नाही. गॅमाची अडचण झाली तीच इथेही होते. आधी भागायचं, मग रूपांतर, मग गुणायचं. न्यूकच्या रीड नोडवर ‘प्रीमल्टिप्लाइड’ नावाची खूण आहे ती याचसाठी. ती लावल्याने चित्र प्रीमल्ट होत नाही, ‘हे आधीच प्रीमल्ट आहे, रूपांतर जपून कर’ एवढंच सॉफ्टवेअरला कळतं. या नावाने कितीतरी जण फसतात.

दोनदा गुणण्याचा अपघात बहुतेकदा रोटोच्या, म्हणजे हाताने आकार आखून अल्फा बनवण्याच्या, वेळी होतो. साध्या प्लेटमध्ये रोटोचा अल्फा कॉपी केला, तर प्लेटचा रंग त्या अल्फाने गुणलेला नसतो, म्हणून एकदा प्रीमल्ट लागतोच. पण सीजी रेंडरचा थोडा भाग रोटोने कापायचा असेल, तर त्याचा अल्फा बदलून पुन्हा प्रीमल्ट करायचा नाही. तिथे चारही चॅनेलना रोटोने गुणायचं. मर्जमधली मास्क किंवा स्टेन्सिल क्रिया नेमकं हेच करते. फेड आउटही असाच. फक्त अल्फा कमी केला तर रंग तसाच राहून मागचं चित्र वर मिसळतं आणि कॅरेक्टर विरण्याऐवजी भुतासारखं चमकत जातं.

आफ्टर इफेक्ट्समध्ये फाइल आत घेताना इंटरप्रिट फुटेजमध्ये स्ट्रेट, प्रीमल्टिप्लाइड किंवा ‘गेस’ असे पर्याय मिळतात. गेस सोप्या चित्रावर बरोबर येतो, धुरावर किंवा ग्लोवर त्याचा भरवसा नाही. प्रीमल्टिप्लाइड निवडलं की शेजारी रंगाची चौकट असते: चित्र कोणत्या रंगावर मिसळलेलं आहे ते तिथे सांगायचं. थ्रीडी रेंडरसाठी काळा. पांढऱ्यावर बनवलेला जुना लोगो असेल तर पांढरा, नाहीतर त्याच्याभोवती पांढरी झालर उरते आणि ती कितीही मॅट खाल्ला तरी नीट जात नाही. ब्लेंडरमध्ये हीच निवड इमेजच्या अल्फा मोडमध्ये होते. कॉम्पोझिटरमध्ये थर मध्येच बदलायचा असेल तर अल्फा कन्व्हर्ट नोड आहे.

फाइल पुढच्या विभागाला देताना नावात किंवा सोबतच्या नोटमध्ये ‘प्रीमल्ट’ वा ‘स्ट्रेट’ लिहावं, आणि प्रीमल्ट असेल तर कोणत्या रंगावर तेही. ज्वाळा, ग्लो, लेन्स फ्लेअर असे थर वेगळ्या पासमध्ये (स्वतंत्र रेंडरमध्ये) काढले असतील तर ते ओव्हरने चढवायचे की प्लसने (नुसत्या बेरजेने), हेही त्याच ओळीत.