प्रोस्टेटचा त्रास आणि रेंगाळलेला व्हायरल ताप : लक्षणांची पारख

पन्नाशीपुढच्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास आणि विषाणूजन्य तापामागे राहिलेला अशक्तपणा यांची बरीचशी लक्षणे सारखी असतात. अंग मोडून येणे, कणकण, कंबर धरणे, लघवीला जळजळ, रात्री झोप मोडणे, दिवसभर गळून गेल्यासारखे वाटणे हे दोन्हीकडे आढळते. सातारा-सांगलीकडे पावसाळा लागला, की अशा प्रत्येक दुखण्याला ‘व्हायरल झालंय’ म्हणून लोक मोकळे होतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. जेव्हा नसते, तेव्हा त्या शब्दाआड प्रोस्टेटचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा बिघडत चाललेली मूत्रपिंडे आठवडेच्या आठवडे लपून राहतात.

धार आणि तारीख

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅम वजनाची असते आणि चाळिशीनंतर वाढू लागते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ सापडते, मात्र त्रास सगळ्यांनाच होतो असे नाही. मूत्रमार्ग दाबला गेला की लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब गळत राहते आणि जाऊन आल्यावरही मोकळे वाटत नाही.

व्हायरल तापात पाणी कमी जाते, घाम येतो. त्यामुळे लघवी कमी आणि गडद होते, थोडी जळजळही होते. पण धार बारीक होत नाही. पारख करताना सर्वांत उपयोगी मुद्दा हाच, आणि नेमका तोच विचारायचा राहतो. रुग्णही आपणहून बोलत नाही. सून किंवा मुलगी सोबत असेल, तर घरातला वडीलधारा माणूस डॉक्टरांना ताप सांगतो, खोकला सांगतो, धारेचे नाव काढत नाही. त्याला दोन मिनिटे एकट्याला विचारणे हे कित्येक तपासण्यांपेक्षा स्वस्त आणि कामाचे आहे. याला अपवाद नागिणीचा. कमरेखालच्या, माकडहाडाजवळच्या नसांवर नागीण उठली, तर विषाणूमुळेही लघवी अडू शकते. अशा वेळी ढुंगणावर किंवा जांघेत बहुधा एकाच बाजूला फोड दिसतात.

जत-आटपाडीच्या उन्हात राबणाऱ्यांना उन्हाळी लागणे नवीन नाही. सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी पोटात गेले, की शरीरातले पाणी भरून निघते आणि जळजळ एक-दोन दिवसांत थांबते. थांबली नाही, किंवा तिच्याबरोबर ताप चढला, तर त्या माणसाला उन्हाळीवरचे घरगुती उपाय करत बसवू नये.

दुसरी खूण कालक्रमाची. व्हायरलच्या दुखण्याला तारीख असते. अमुक दिवशी घसा धरला, मग नाक वाहू लागले, पाठोपाठ नातवाला झाले. ताप आठवडाभरात उतरतो आणि मागचा थकवा, सावकाश का होईना, कमी होत जातो. प्रोस्टेटच्या वाढीला अशी तारीख नसते. ‘ताप आल्यापासून रात्री तीनदा उठावं लागतं’ म्हणणाऱ्याला सांगलीहून पुण्याला जाताना एसटी थांबेपर्यंत दम निघतो का, आणि गेल्या दिवाळीत निघत होता का, असे विचारले की त्रास दोन वर्षांचा जुना असल्याचे बाहेर येते. तापाने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

रात्रीच्या उठण्यातही फरक करावा लागतो. खोकल्याने किंवा अंगदुखीने जाग आली आणि जागाच आहे म्हणून जाऊन आला, ही एक गोष्ट. लघवीच्या कळेनेच जाग आली, ही वेगळी. तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळेसह वहीत लिहिली, तर पुष्कळ उलगडा होतो. दर वेळी थोडी थोडी होत असेल तर मूत्राशय-प्रोस्टेटकडे बोट जाते. रात्री भांडेभर होत असेल तर मधुमेह, हृदय, पायांवरची सूज किंवा घोरण्याबरोबर झोपेत अडणारा श्वास यांचा विचार करावा लागतो. लघवी जास्त आणि थकवाही जास्त, अशी जोडी दिसली की रक्तातली साखर सर्वांत आधी पाहावी.

हुडहुडी भरून आलेला ताप

प्रोस्टेटला अचानक जंतुसंसर्ग होतो तेव्हा सुरुवात हुबेहूब फ्लूसारखी असते: हुडहुडी, १०२-१०३ अंश ताप, सांधे-स्नायू ठणकणे, मळमळ. बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू कारणीभूत असतो. सर्दी-खोकला मात्र नसतो, घरात दुसरे कोणी आजारी नसते, आणि एखाद्या दिवसात लघवीला आग, वारंवार कळ, गुदद्वार आणि वृषण यांच्या मधल्या जागेत दुखणे, बसताना टोचणे सुरू होते. नाक कोरडे आणि लघवीला आग, असा ताप पुरुषाला आला तर त्याला व्हायरल म्हणण्याची घाई करू नये.

इथे क्रमाला महत्त्व आहे. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, घ्यावे लागते. गावाकडची पद्धत उलटी असते. आधी सलाइन, त्यात एक इंजेक्शन, सोबत तीन दिवसांच्या गोळ्या. ताप उतरतो, माणूस शेतावर जातो, आणि पंधरा दिवसांत तोच ताप परत येतो. प्रोस्टेटमध्ये औषध मुरायला वेळ लागतो, म्हणून हा उपचार साधारण दोन ते चार आठवडे चालतो. तीन दिवसांत उतरलेला ताप म्हणजे बरा झालेला संसर्ग नव्हे. गुदद्वारातून तपासणी करायचीच तर हलक्या हाताने. ग्रंथी चोळली तर जंतू रक्तात उतरू शकतात. मधुमेही रुग्णात प्रोस्टेटमध्ये पू साठण्याची भीती अधिक असते. ताप आहे आणि लघवी पूर्ण अडली आहे, अशा माणसाला सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात न्यावे.

पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत प्रोस्टेटच्या आसपासचे दीर्घकालीन दुखणेही आढळते. गेल्या सहांपैकी निदान तीन महिने ते असावे लागते. त्यात बहुधा जंतू सापडत नाहीत आणि ताप नसतो.

सर्दीची गोळी

दोन्ही आजारांना जोडणारा दुवा बऱ्याचदा मेडिकलच्या दुकानात मिळतो. सर्दीवरच्या नेहमीच्या गोळीत तीन औषधे असतात: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन ५ किंवा १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम. फिनाइलेफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, तसेच मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायूही आवळते. क्लोरफेनिरामाइनने नाक कोरडे होते, पण मूत्राशयाची ढकलण्याची ताकद कमी होते. आधीच अरुंद झालेल्या मार्गावर असे दोन्हीकडून ओझे पडले, की रात्रीतून लघवी तुंबते आणि कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालावा लागतो. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाने बद्धकोष्ठता झाली तर त्यात भरच पडते. फिनाइलेफ्रिन-क्लोरफेनिरामाइनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना पाकिटावर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. आजोबा ती नातवासाठी वाचतात आणि गोळी स्वतः घेतात.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी पुढे जाते. पावसात भिजलेला, दिवसभर चाललेला, आडोसा मिळेपर्यंत लघवी दाबून धरणारा सत्तरीचा वारकरी सर्दीची गोळी घेतो, तेव्हा वरची सगळी कारणे एकाच देहात जमतात. वाटेवरच्या आरोग्य केंद्रावर गोळी घेताना ‘लघवीचा त्रास आहे’ एवढे सांगितले तरी साधे पॅरासिटामॉल देऊन भागवता येते.

थकवा आणि हाडे

सर्वांत फसवा प्रकार न दुखता तुंबणाऱ्या लघवीचा. मूत्राशय महिनोन्‌महिने पुरते रिकामे होत नाही, मागचा दाब मूत्रपिंडांवर जातो, आणि माणूस तक्रार करतो ती थकव्याची, मळमळीची, अन्न नको वाटण्याची. ‘तापातून उठलाय, अशक्तपणा आहे’ म्हणून त्याला टॉनिक आणि सलाइन मिळत राहते. या वयात नव्यानेच झोपेत अंथरूण ओले होऊ लागले, तर ती मोठी खूण आहे. मूत्राशय भरून वाहत असते. मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावर निदान होते.

कधी औषधच व्हायरलचे सोंग घेते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनने नाक चोंदते, गळल्यासारखे वाटते आणि उठताना चक्कर येते.

कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाची जी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली, तिच्यात साधारण तीन महिन्यांनंतर दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे धरली आहेत. यातली शेवटची अट लोक विसरतात. साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि प्रोस्टेट पाहिल्याशिवाय साठीच्या पुरुषाच्या थकव्यावर ‘पोस्ट-कोविड’ची चिठ्ठी लावता येत नाही.

चिकुनगुनियाने २००६ च्या साथीत महाराष्ट्राला सांधेदुखीची ओळख करून दिली, तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या हाडांचे दुखणे सर्रास त्याच्या खात्यात जाते. चिकुनगुनिया बोटे, मनगटे, घोटे दोन्ही बाजूंनी धरतो आणि सकाळी आखडल्यासारखे होते. कंबर, खुबा किंवा बरगडीत एकाच जागी मुरलेली, रात्री वाढणारी वेदना आणि घटते वजन यांत प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. अशा वेदनेबरोबर पाय लुळे पडू लागले तर एक दिवसही घालवू नये.

तपासण्यांची वेळ

मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने सांगलीसह सीमेपलीकडच्या कर्नाटकातले रुग्णही तिथे येतात. तपासण्यांची वानवा नाही. अडचण असते ती चुकीच्या आठवड्यात केल्याची. पीएसए ही प्रोस्टेटमधल्या प्रथिनाची रक्ततपासणी जंतुसंसर्गात, लघवी तुंबल्यावर किंवा कॅथेटर घातल्यावर उगीच वाढलेली दिसते. तापात काढलेल्या आकड्यावरून कर्करोगाची धास्ती घेण्याऐवजी संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती पुन्हा करावी. उलट फिनास्टेराइड हे प्रोस्टेट आकसवणारे औषध चालू असेल, तर सहा महिने-वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो आणि खरा वाढलेला आकडाही साळसूद दिसतो. धार, घाई, रात्रीचे उठणे यांवरची सात प्रश्नांची गुणपत्रिका ० ते ३५ गुण देते आणि गेल्या महिन्याबद्दल विचारते. त्या महिन्यातले पंधरा दिवस तापात गेले असतील, तर ती आणखी महिन्याने भरावी.