चहा आंबतो का? एका शब्दाचा इतिहास

गेल्या आषाढीला शेजारच्या आजींनी विचारलं, "मास्तर, चहा आंबवलेला असते म्हंतात, तं मंग एकादशीले कसा चालते?" नातू पुस्तक मोठ्याने वाचत होता, ते त्यांच्या कानावर पडलं होतं. प्रश्न रास्त होता. आमच्या भागात आंबवणं म्हणजे ज्वारीची आंबील, नाही तर मोहफुलांचा सडवा. दोन्हींत जिवाणू किंवा यीस्ट काम करतात. रोजच्या काळ्या चहाचा रंग त्यांच्यामुळे येत नाही, तरी कारखान्यापासून पाठ्यपुस्तकापर्यंत शब्द तोच.

हा शब्द त्या काळामुळे चिकटला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसाम-सिलोनचे मळे वाढत होते आणि दूध नासण्यामागे, दारू होण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे युरोपात नुकतंच पटू लागलं होतं. मळलेली पानं पसरून ठेवली की तांबूस होतात, वास पालटतो. म्हणजे इथेही जंतूच असणार, असा तर्क निघाला. मग १८९७ मध्ये जर्मनीत यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या नुसत्या रसानेही साखरेची दारू झाली आणि विकरांचा, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा (एन्झाइमचा), शोध जोरात सुरू झाला. १९००च्या आसपास भारतातल्या आणि जपानमधल्या रसायनतज्ज्ञांनी ऑक्सिडेज, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग घडवणारं विकर, चहाच्या पानातच असल्याचं दाखवलं. जावातले काही अभ्यासक मात्र यीस्टचाच पक्ष धरून होते. पान वाफवलं की विकर मरतं आणि रंग येतच नाही. हिरवा चहा हिरवा राहतो तो यामुळेच.

आजींना मी वांगं दाखवलं. भाजीसाठी चिरलेली फोड पाण्यात न टाकता ताटात ठेवली, थोड्या वेळात पांढरा गर तपकिरी झाला. पेशी फाटल्या, आतली फेनॉल नावाची संयुगं आणि त्यांच्यावर काम करणारं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर एकमेकांना भेटले, हवेतला ऑक्सिजन मिळाला. चहातही तेच होतं. पानात कॅटेचिनं (तशाच जातीची संयुगं) पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, असतात आणि विकर त्यांच्यापासून वेगळं; मळताना मधला पडदा फाटतो. म्हणून शाळेच्या पुस्तकात 'ऑक्सिडीकरण' हाच शब्द हवा, असं माझं ठाम मत आहे. कारखान्यातले लोक जुन्या सवयीने 'फर्मेंटेशन' म्हणतात, ते समजू शकतं. पण त्याचं डोळे झाकून 'किण्वन' किंवा 'आंबवणे' केलं की मुलांच्या डोक्यात यीस्ट शिरतं. शिवाय चीनमधल्या युन्नानचा पू-अर चहा खरोखरच बुरशी आणि जिवाणूंच्या मदतीने मुरवतात. तोही आंबवलेला आणि हाही आंबवलेला म्हटलं, तर मुलांनी फरक कुठून ओळखायचा?

या वादापुढचं काम जास्त भरीव आहे. आसामात जोरहाटजवळ टोकलाई इथे १९११ मध्ये चहाचं प्रयोगकेंद्र उभं राहिलं. १९५०च्या दशकात पेपर क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे कागदावर मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने, चहातली रंगद्रव्यं वेगळी करता आली: नारिंगी थिआफ्लेविन, ज्याने चहाला तरतरी आणि चमक येते, आणि तपकिरी थिआरुबिजिन, ज्याने दाटपणा येतो. पहिलं पत्तीत जेमतेम एक-दोन टक्के, दुसरं त्याच्या कितीतरी पट. पानं जास्त वेळ ठेवली तर थिआफ्लेविन घटतं आणि चहा मचूळ लागतो. म्हणून पत्ती सुकवायच्या भट्टीत नेमकी कधी घालायची, यावर सगळा खेळ असतो.

दरम्यान १९३०च्या दशकात आसामात सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र आलं. पान चिरडून, फाडून, वळून बारीक दाणे होऊ लागले, ऑक्सिडीकरण झपाट्याने होऊ लागलं, रंग कडक झाला. आमच्या बाजारात सुटी मिळते ती दाणेदार पत्ती याचीच. सुगंधात मात्र ती जुन्या पद्धतीच्या पत्तीपेक्षा कमी पडते.

सुगंधाचा उलगडा सगळ्यात उशिरा झाला. वायुरूपात घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीने चहात सहाशेहून अधिक उडून जाणारी संयुगं सापडली. १९९०च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवलं की फुलांसारखा वास देणारी लिनालूल आणि जिरॅनिऑल ही द्रव्यं ताज्या पानात बरीचशी साखरेला बांधलेली असतात. पान मळलं की दुसरी विकरं ती गाठ सोडवतात आणि वास मोकळा होतो. टपरीवर तीन-चार उकळ्या आलेल्या दुधाच्या चहात लिनालूल फारसं उरत नाही. उरतो तो रंग आणि दाटपणा, आणि तो पत्ती भट्टीत जाण्याआधीच्या तास-दीड तासात तयार झालेला असतो.