राज्यसभेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर : विरोधी बाकावरील भाषणे

एप्रिल १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत डॉ. आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होते. शेड्युल्ड कास्ट फेडरेशन या आपल्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना निवडून पाठवले होते. घटना समितीतील मसुदाकार आणि पहिले कायदामंत्री या त्यांच्या भूमिकांबद्दल विपुल लिहिले गेले आहे. विरोधी सदस्य म्हणून त्यांनी काय केले याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले, आणि गेले तेही बहुधा एका वाक्यापुरतेच.

हिंदूंच्या विवाह, वारसा आदी कायद्यांत सुधारणा करणारे हिंदू कोड बिल रखडल्यामुळे त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागील कारणे सांगणारे निवेदन आधी दाखवावे, असा आग्रह लोकसभेच्या पूर्वीच्या त्या हंगामी संसदेत धरला गेला, तेव्हा ते न वाचताच सभागृहाबाहेर पडले. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतील राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही अपयश आले. लोकसभेचे दार असे दोनदा बंद झाल्याने वरिष्ठ सभागृह हेच त्यांचे व्यासपीठ ठरले. तिथेही काँग्रेसचे निर्विवाद बहुमत होते. एखादे विधेयक पाडणे त्यांच्या हातात नव्हते. हातात होते ते फक्त भाषण, आणि घटनेचे प्रत्येक कलम कसे घडले याची आतली माहिती.

त्यांचे सर्वाधिक उद्धृत होणारे विधान २ सप्टेंबर १९५३ चे. आंध्र राज्य विधेयकावर चर्चा चालू होती. तेलुगू भाषकांच्या स्वतंत्र राज्यासाठी उपोषणाला बसलेल्या पोट्टी श्रीरामुलू यांचा त्यात अंत झाल्यावर सरकारने घाईने हे राज्य मान्य केले, यावर आंबेडकरांनी कोरडे ओढले. भाषावार राज्याचे जे तत्त्व आधीच मान्य केले होते, ते अमलात यायला माणसाचा जीव का जावा लागला, असा त्यांचा सवाल होता. मग ते मूळ मुद्द्यावर आले. भाषावार राज्यात एखाद-दुसऱ्या प्रबळ जातीच्या हाती सत्ता जाते, तेव्हा लहान समाजांना कोण राखणार? त्यासाठी राज्यपालाला काही खास अधिकार असावेत, असे त्यांनी सुचवले. राज्यपाल नामधारीच असावा, ही भूमिका घटना समितीत तुम्हीच मांडली होती, अशी आठवण सत्ताधारी बाकांवरून करून देण्यात आली. तेव्हा उत्तर आले की आपल्याला जे करायला सांगितले गेले ते आपण केले, पुष्कळसे मनाविरुद्ध. आणि घटना आपण लिहिली असे मित्र म्हणत असले, तरी ती जाळणारा पहिला माणूस होण्याचीही आपली तयारी आहे.

हे वाक्य पुढे दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे वापरले गेले. त्याच भाषणातली पुढची वाक्ये सहसा वगळली जातात. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना ‘तुमची दखल घेतली तर लोकशाहीचे नुकसान होईल’ असे म्हणू नये, अल्पसंख्याकांना दुखावण्यातच सर्वांत मोठे नुकसान आहे, असे त्यांनी तिथेच बजावले होते. संतापाच्या भरात निघालेल्या त्या उद्गाराचा अर्थ या वाक्यांशिवाय लागत नाही.

१९ मार्च १९५५ रोजी चौथ्या घटनादुरुस्तीवर ते बोलत असताना डॉ. अनुपसिंग यांनी त्यांना तो उद्गार आठवून दिला. आंबेडकरांनी तो मागे घेतला नाही, त्याचे कारण सांगितले. देव येऊन राहावा म्हणून देऊळ बांधले, पण देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच असुराने त्याचा ताबा घेतला, तर ते पाडण्यावाचून दुसरे काय करणार? मग असुरालाच का हाकलत नाही, असे एका सदस्याने विचारले. तेवढे बळ आपल्यात नाही, असे सांगून त्यांनी शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील देवासुरांच्या झुंजीचा दाखला दिला. हिंदू धर्मग्रंथांचे कठोर टीकाकार भर सभागृहात ब्राह्मणग्रंथाचा आधार घेत होते, ही गंमत उपस्थितांच्या नजरेतून सुटली नसावी. याच भाषणात मालमत्तेच्या हक्काविषयीच्या ३१ व्या कलमाची जबाबदारी त्यांनी झटकली. नेहरू, पटेल आणि गोविंद वल्लभ पंत यांच्या तीन दिशांना जाणाऱ्या मतांतून निघालेली ती तडजोड होती, आणि ते कलम इतके कुरूप आहे की त्याकडे पाहवत नाही, असे ते म्हणाले.

२६ ऑगस्ट १९५४ च्या परराष्ट्र धोरणावरील चर्चेत त्यांनी पंचशीलावर, म्हणजे भारत-चीन करारातील शांततामय सहजीवनाच्या पाच तत्त्वांवर, टीका केली; हे नाव मूळचे बौद्ध धर्मातले. राजकारणात, त्यातही साम्यवादी देशाच्या राजकारणात, पंचशीलाला जागा नसते. माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. तिबेटवरील चीनचा अधिकार मान्य करून भारताने चिनी सैन्य आपल्या सीमेपर्यंत यायला मदत केली, असेही त्यांनी सुनावले. १९६२ च्या चीन युद्धानंतर या भाषणाला द्रष्टेपणाचे लेबल लागले. त्यामागे बौद्ध धर्माविषयीची त्यांची आस्था आणि साम्यवादाविषयीचा जुना अविश्वास होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

अस्पृश्यांच्या प्रश्नावर मात्र ते अगदी व्यवहारी होत. सप्टेंबर १९५४ मध्ये अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी पडीक जमिनीवर दलितांच्या स्वतंत्र वसाहती वसवण्याची मागणी केली. पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते : रद्द झालेला मिठावरचा कर पुन्हा बसवा आणि त्याचे उत्पन्न गांधीजींच्या नावाच्या निधीत घाला. ज्या करासाठी दांडीयात्रा झाली, तोच गांधीजींच्या स्मरणार्थ परत आणण्याची ही सूचना सरकारने स्वीकारली नाही. त्याच महिन्यात अस्पृश्यता (अपराध) विधेयक चर्चेला आले. त्याच्या नावातच अस्पृश्यांचे नागरी हक्क यायला हवेत, तसेच सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या तरतुदी भक्कम हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. कायदा १९५५ मध्ये जुन्याच नावाने झाला. १९७६ च्या दुरुस्तीने तो ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला.

राज्य पुनर्रचनेच्या अहवालावर संसदेत चर्चा झाली तेव्हा आजारपणामुळे त्यांना भाग घेता आला नाही. सभागृहात मांडता न आलेले विचार त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने लिहिले. १९५३ मधली प्रबळ जातींविषयीची भीती तिच्यात अधिक विस्ताराने येते. एप्रिल १९५६ मध्ये त्यांची राज्यसभेवर फेरनिवड झाली, पण ती मुदत आठ महिन्यांतच संपली. कायदामंत्री आणि विरोधी सदस्य या दोन्ही नात्यांनी त्यांनी केलेली भाषणे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेतील १५ व्या खंडात एकत्र छापलेली आहेत.