घरगुती मीटरचा अर्ज परत का येतो: टेस्ट रिपोर्ट, अर्थिंग आणि डीबीची जागा

महावितरणकडे नवीन घरगुती मीटरसाठी अर्ज करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. ऑनलाईन पोर्टलवर ए-१ फॉर्म भरायचा, ओळखीचा आणि जागेचा पुरावा जोडायचा, पैसे भरायचे, झालं. तरी अर्ज अडकतातच, आणि अडकतात ते बहुतेक वेळा भिंतीवर ठोकलेल्या डीबीमुळे (घरातले सगळे मेन स्विच आणि फ्यूज ज्यात असतात ती पेटी) आणि जमिनीत नसलेल्या अर्थिंगमुळे, फॉर्म बिचारा बरोबरच असतो.

आधी जागेचा पुरावा उरकून घेऊ. शहरात इंडेक्स २ किंवा घरपट्टीची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि मालकाची नाहरकत. गोची होते ती उतारा अजून आजोबांच्याच नावावर असला की. अर्ज नातवाच्या नावाने, घर आजोबांच्या नावावर, आणि मधल्या काका-आत्यांची संमती कुणी घेतलेलीच नसते. मीटरसाठी पळापळ सुरू करायच्या आधी वारसनोंदीचं काम काढा, नाहीतर सगळं तयार असून याच एका कागदावर घोडं अडतं. त्याच घरात पूर्वी मीटर होतं आणि ते थकबाकीमुळे कायमचं तोडलंय का हेही आधी विचारून घ्या, जुनं घर विकत घेणाऱ्यांना हे मीटर मागायला गेल्यावरच कळतं.

आता खरा मुद्दा, टेस्ट रिपोर्ट. तुमच्या घरातलं वायरिंग सुरक्षित आहे असं परवानाधारक विद्युत ठेकेदाराने लिहून दिलेलं हे कागदपत्र. ओळखीचा वायरमन कितीही हुशार असू दे, ठेकेदाराचं लायसन नसेल तर त्याची सही चालत नाही. आणि होतं काय, लोक दुकानातून सही-शिक्क्याचा रिपोर्ट घेऊन येतात, सही करणाऱ्याने घराची पायरीसुद्धा चढलेली नसते, सगळ्या रकान्यांत नुसतं 'ओके'. असा कागद घेऊ नका हो. लायसनची मुदत बघा आणि इन्सुलेशनच्या, म्हणजे वायरवरचं आवरण करंट किती अडवतं त्याच्या, रकान्यात आकडा आहे का बघा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून मिनिटभरात किमान १ मेगओहम यायला पाहिजे. पावसाळ्यात नवीन प्लास्टर ओलं असताना पाईपात पाणी गेलेलं असतं, तेव्हा चांगल्या वायरचंही रीडिंग कमी येतं, त्यामुळे घाई करून टेस्ट करण्यापेक्षा भिंत वाळू द्या.

अर्थिंगबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो कारण इथे सगळ्यात जास्त लपवाछपवी चालते. भिंतीला चिकटून फूट-दीड फुटाची सळई ठोकायची, तिला हिरवी वायर गुंडाळायची आणि वरून सिमेंट, की झालं अर्थिंग. भारतीय मानक ३०४३ मध्ये पाईप इलेक्ट्रोड म्हटलं की साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, आणि तो इमारतीच्या भिंतीपासून किमान दीड मीटर लांब. भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायला फनेल. नळाच्या पाईपला अर्थिंग जोडू नका, ते मानकात बसत नाही आणि आता निम्मे पाईप पीव्हीसीचे असतात, म्हणजे अर्थ जातोय कुठे ते देवालाच माहीत.

एवढा खटाटोप का, तर हिशोब साधा आहे. गीझरच्या बॉडीला फेज लागला आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहम असला तर करंट वाहतो साधारण साडेचार अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तो नेहमीच्या लोडसारखा वाटतो, ती ट्रिप होतच नाही, आणि बॉडीला करंट तसाच राहतो, नळाखाली हात ओला करून उभा असलेल्या माणसाला तो लागतो. म्हणून आरसीसीबी हवी, म्हणजे थोडाही करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरची. केंद्राच्या विद्युत सुरक्षा नियमांनुसार २ किलोवॅट आणि त्यापुढच्या लोडला हे लावावंच लागतं, आणि एक गीझरच २ किलोवॅटचा असतो, तेव्हा लोड कमी दाखवून त्यातून सुटका करून घ्यायला जाऊ नका. अजून एक, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडली म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं अजिबात नाही, ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं.

आरसीसीबी लावली की सारखी पडते म्हणून वायरमन न्यूट्रल आणि अर्थिंगला डीबीत जंप मारतात, म्हणजे तारेच्या तुकड्याने दोन्ही जोडून टाकतात, हे सगळ्यात वाईट. एकतर अशा जंपने ती आणखीच पडते, मग एके दिवशी तिलाच बायपास करून टाकतात. आणि बाहेरचा न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर २३० व्होल्ट येऊ शकतो. न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थची वेगळी, डीबी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

डीबीच्या जागेचं लोक बायकोला किंवा इंटिरिअरवाल्याला विचारून ठरवतात, मानकाला कुणी विचारत नाही. बाथरूम-संडासात नाही, किचनमध्ये नाही, गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकवर तर नाहीच नाही. उंची जमिनीपासून २ मीटरच्या आत, समोर मीटरभर मोकळी जागा. कपाटाच्या मागे डीबी लपवली तर शॉर्ट सर्किटच्या वेळी आधी कपाट सरकवायला लागेल. मीटर बाहेर, पावसापासून आडोशाला, पण रीडिंग घेणाऱ्याला दिसेल असं.

कनेक्शन किती दिवसांत मिळायला हवं त्या मुदतीबद्दल सगळ्यांचा एकच गैरसमज. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका भागात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस (डोंगराळ ग्रामीण भागात ३०) हे बरोबर, पण ते मोजायचे परिपूर्ण अर्ज पोहोचल्यापासून. अर्ज केला त्या तारखेपासून मोजून लोक ऑफिसात भांडायला जातात आणि तिथे कळतं की एक कागद कमी होता म्हणून घड्याळ सुरूच झालं नव्हतं. कागद कमी आहे हे अर्जदाराला आधीच कळवायला काय जातं, हा प्रश्न मी बऱ्याच वेळा विचारलाय, उत्तर कधी मिळालं नाही. नवीन पोल किंवा लाईन टाकायची असेल तर हे दिवस लागू नाहीत, त्याला जास्त वेळ असतो. डिमांड (महावितरणची पैसे भरायची नोटीस) आल्यावर त्यावर छापलेल्या मुदतीत भरा.

कनेक्शनला आलेल्या माणसाने 'तुमचं अर्थिंग बरोबर नाही' असं म्हटलं तर हात हलवत परत येऊ नका. वायरिंग धोकादायक वाटली आणि जोडणी नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, ते मागा. कारण पटलं नाही तर विद्युत निरीक्षकाकडे अपील करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दोष खरा असला तर मात्र वाद घालण्यापेक्षा खड्डा परत खणून घ्या, आणि यावेळी बुजवायच्या आधी पाईपचा फोटो काढा, लांबी दिसेल असा. टेस्ट रिपोर्ट आणि डिमांडच्या पावतीची झेरॉक्स घरी ठेवा, मूळ प्रत देऊन बसलेले लोक फाईल गहाळ झाली की परत त्याच ठेकेदाराला शोधत फिरतात आणि त्याचा नंबर लागत नसतो.